आधी गाडीखाली वाका

जुनी गाडी बघायला जायचं तर आषाढात जा. पाडव्याला नको, दसऱ्याला तर मुळीच नको. सणाच्या तोंडावर गाडीला पॉलिश मारलेलं असतं, टायर काळेकुळकुळीत केलेले असतात, आत अत्तराची बाटली लटकत असते आणि घरातल्या पोरांनी मागच्या सीटवर बसून निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. भर पावसात बघितलं तर दाराच्या रबरातून ठिबकणारं पाणी दिसतं. वायपर काच पुसतो की नुसता घासतो ते कळतं. काचेवर धरलेली वाफ पंख्याने जाते का, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी कुठे ओढते, हेही तिथेच उघड होतं. जव्हार-मोखाड्यात वर्षातले चार महिने गाडी अशाच हवेत चालवायची आहे. मग ती कोरड्या मैदानावर चक्कर मारून का पारखायची?

इथे छोटी गाडी हौसेसाठी घेतली जात नाही. आश्रमशाळेतला शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, किराणा दुकानदार, ही माणसं हप्ते मोजत ती घेतात, आणि एकदा का ती दारात उभी राहिली की आख्ख्या पाड्याची होते. जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून पेशंटला नाशिकला न्या म्हणून सांगितलं की रात्री हाक याच गाडीला येते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या बोटोशीच्या मरकटवाडीतून एका बाळंतिणीला तीन किलोमीटर झोळीतून न्यावं लागलं, तिची जुळी बाळं वाचली नाहीत. तिथे रस्ताच नव्हता. जिथे रस्ता आहे तिथे तरी गाडीने ऐन वेळी दगा देता कामा नये. म्हणून या विषयावर मी तडजोडीचं बोलणार नाही.

पहिली गोष्ट, गाडी वर कुठून आली ते विचारा. आपल्याकडे येणारा बराचसा माल खालचा असतो, वसई-विरार-ठाण्याचा. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा कसं पाण्यात होतं ते आठवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. पाण्यात बसलेली गाडी कुणीतरी स्वस्तात उचलतो, धुतो, वाळवतो, नवी सीटकव्हरं चढवतो आणि तिचा इतिहास जिथे कुणाला ठाऊक नाही अशा गावात विकतो. घाटावरचं गाव त्यासाठी सोयीचं.

तिला पकडायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट. चारी पट्टे शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. विकणारा पट्ट्याचा वरचा हात-दीड हात साबणाने धुतो. आत गुंडाळलेला भाग त्याच्या लक्षात येत नाही, आणि पाणी जिथवर चढलं तिथे मातीची रेघ राहते. मग पुढच्या सीटखाली हात घाला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले असतील तर विचारा, गाडीच्या आत असलेल्या लोखंडाला एवढा गंज कसा चढला? डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा, खालच्या खड्ड्यात बोट फिरवा. गाळ तिथे वर्षानुवर्षं राहतो. फ्यूजच्या डब्यात हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर पुढे भावाची चर्चा नको, चहा पिऊन परत या. अशी गाडी आज सुरू होते, उद्याही होते, आणि एखाद्या रात्री खोडाळ्याच्या रस्त्यावर दिव्यांसकट मरते. वायरिंगचा रोग गॅरेजवाल्यालाही लवकर सापडत नाही.

समुद्रकाठच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. सातपाटी, अर्नाळा, डहाणू इकडच्या खाऱ्या हवेत पत्रा खालून गंजतो. वरून रंग चकचकीत असतो. म्हणून म्हणतो, खाली वाका. सतरंजी मागा आणि गाडीखाली शिरा. कपड्यांची लाज वाटत असेल तर बरोबर मिस्त्री न्या आणि त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी मोजून द्या. दलालाने आणलेला मिस्त्री नको. दाराखालचा रनिंग बोर्ड अंगठ्याने जोरात दाबा, पान्याच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, दबका आला तर लांबी भरलेली आहे. कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक दारावर, पाख्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे डेंटिंग झालंय. एखादं दार रंगवलेलं असलं तर बिघडत नाही, रिक्षा घासते, बैलगाडी घासते. पण बॉनेट उघडल्यावर पुढच्या दोन्ही बाजूंचा पत्रा वाकवून सरळ केलेला दिसला, बोल्टच्या डोक्यांवरचा रंग उडालेला दिसला, खांबांवर वेल्डिंगच्या वेड्यावाकड्या खुणा दिसल्या, तर ती गाडी जोरात धडकून आलेली आहे. कितीही स्वस्त असली तरी तिच्यात घरची माणसं बसवू नका.

आता चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. आपल्या रस्त्यांवर छोट्या गाडीचा पहिला बळी चेंबरच असतो. दगडावर आपटला, चिरला, ऑइल गळून गेलं, चालवणाऱ्याला तांबडा दिवा दिसला नाही आणि इंजिन जाम. चेंबरवर झाळकाम आहे का, त्याच्या कडेने ओलं आहे का, ते बघा. लोक अ‍ॅव्हरेज विचारतात, सीटकव्हर विचारतात, पण गाडी जमिनीपासून किती उंच आहे ते विचारत नाहीत. अल्टोची उंची १६० मिलिमीटर, वॅगनआरची १६५, क्विडची १८० किंवा थोडी जास्त. हा आकडा रिकाम्या गाडीचा. बोहाड्याला निघालेली सहा माणसं आणि मागे तांदळाचं पोतं टाकलं की यातली बोटभर उंची गेलीच. तुमच्या पाड्याचा शेवटचा तुकडा कच्चा असेल तर दिसण्यात जरा साधी पण उंच गाडी घ्या. माझं मत विचाराल तर आपल्या भागात वीस मिलिमीटर उंचीला टचस्क्रीनपेक्षा जास्त मोल आहे.

गाडी चालवून बघणं म्हणजे एसटी स्टँडपासून हनुमान पॉइंटपर्यंत जाऊन येणं नव्हे. सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधी बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली आहे. त्याला सांगा, उद्या परत येतो. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर निघाला तर ते ऑइल पितंय. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून ताकासारखा पांढरट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे, तिथे मिस्त्रीचं म्हणणं ऐका. मग चार माणसं बसवा, एसी लावा आणि विक्रमगडच्या बाजूने जव्हारला चढा. मोखाडेकरांनी तोरंगण घाट चढून त्र्यंबककडे जावं आणि तसंच उतरून यावं. चढावर मधेच थांबवा, हँडब्रेक ओढा, गाडी मागे सरकते का बघा. पुन्हा पहिल्या गिअरमध्ये उचला. इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र निवांत चढतेय, किंवा जळका वास येतोय, याचा अर्थ क्लचप्लेट संपली आहे. तापमानाचा काटा वर सरकत असेल तर घाट अर्ध्यावर सोडा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये या, ब्रेक मधूनमधून दाबा. पेडल खोल जातंय, स्टिअरिंग थरथरतंय, समोरून खडखड येतेय, हे सगळं तेव्हाच ऐकू येतं. रेडिओ बंद ठेवायला विसरू नका, दलाल तो मुद्दाम लावतात.

मालक या चकरेला नाही म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो मागे फिरवता येतो. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं क्लचच्या पेडलाचं रबर गुळगुळीत होत नाही, स्टिअरिंगची कातडी सोलत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी मालकाकडून मागवून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ लिहिलेलं असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण आपल्या पावसात तेवढ्यावर घाट उतरणं हा जिवाशी खेळ आहे. सीएनजीचं किट असेल तर त्याची नोंद आरसी बुकात हवी, टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

आणि हे कुणी विचारतच नाही म्हणून मुद्दाम सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून बघितल्या: अल्टो ८००, नॅनो, आय टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या त्या मॉडेलांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचातला एकही तारा मिळाला नाही. आज लाख-दीड लाखात आपल्या दारात येतात त्या बऱ्याचदा याच काळातल्या. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग. म्हणून माझा हिशेब सरळ आहे. दोन गाड्या समोर असतील, एक २०१६ ची टॉप मॉडेल म्हणून मिरवणारी पण एअरबॅग नसलेली आणि एक २०२० ची साधी, तर साधी घ्या. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबा. २०१९ आधीच्या गाड्यांतही एअरबॅग आणि एबीएस असलेली वरची मॉडेलं होती, ती शोधून मिळतात. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर बॅग एकदा फुटून गेली असेल आणि दिवा काढून टाकला असेल. ते मिस्त्रीकडून तपासून घ्या.

कागदांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

सिल्वासा आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. तिकडची डीएन किंवा डीडी पाटीची, वापी-वलसाडची जीजे-१५ ची गाडी स्वस्त मिळते म्हणून आणली जाते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ती महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिकडच्या कार्यालयाची एनओसी आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. हा कर किमतीत धरला की स्वस्ताई बहुतेक उडून जाते. ही बेरीज पैसे देण्याआधी करा.

आपल्याच राज्यातली असेल, एमएच-०४ असो, एमएच-४८ असो, नाहीतर एमएच-१५, तरी मोबाइलवर एमपरिवहनमध्ये नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. हप्ते मी भरत राहीन, हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून घ्या आणि उठा. ई-चलान बघा, मुंबईतल्या गाड्यांवर दंडांच्या रांगा असतात. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी आकडा-आकडा जुळवा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर पुढ्यात आहेत, तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.

दलाल सांगेल, स्टॅम्पपेपरवर करार करू, नोटरीचा शिक्का मारू, नाव नंतर लावू. या 'नंतर'वरच या भागातल्या कितीतरी गाड्या धावतायत. त्या करारनाम्याने मालकी आरटीओच्या दप्तरात बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. ती गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली गेली होती, नाव कुणीच बदललं नव्हतं. २००९ मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकावर, ज्याने ती २००७ मध्येच विकली होती. विकणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. घेणाऱ्यांनी दुसरी बाजू लक्षात ठेवावी: दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत कंपनीला अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही आणि घाटात गाडी उलटली, तर हप्ताही जातो आणि गाडीही.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही परिवहन खात्याचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ज्या दुकानातून घ्याल तिथे ते बघायला मागा. दाखवत नसेल तर त्या दुकानात बयाणा ठेवू नका.

पूर्ण रक्कम एकदम कुणालाही देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्या समोर झाली पाहिजे, आधार-पॅनची प्रत हातात आली पाहिजे, आणि शेवटची रक्कम आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत तुमच्याकडे राहिली पाहिजे. हे लेखी ठरवा. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याचाही यात फायदाच आहे.

ज्यांच्या दारात आज दुसऱ्याच्या नावाची गाडी उभी आहे, त्यांना विनंती आहे. तुमच्या गाडीतून उद्या शेजाऱ्याचा पेशंट जाणार आहे. या आठवड्यात जुन्या मालकाला फोन लावा, सह्या घ्या आणि अर्ज भरा. कायद्याने विकत घेणाऱ्याला यासाठी तीस दिवस दिले आहेत.