थंड बशीवरचा थेंब

वसई-विरारच्या माणसाला घरी जॅम करायची काहीएक गरज नाही, हे आधीच सांगून टाकते. राजेळी केळी जास्त झाली तर आगाशीकडच्या वाड्यांतून त्यांची सुकेळी होतात. कैऱ्यांचं लोणचं होतं, साखरांबा होतो. पेरूचं चीझ नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून ताटातून येतंच. हा पेरू पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आला. पुढे मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. पेरूला मात्र कुणी जा म्हटलं नाही. असं सगळं सुखाने चाललेलं असताना बाईमाणूस जॅमच्या नादी लागते ती फक्त जांभळांपायी.

जून लागला की स्टेशनबाहेर जांभळांच्या टोपल्या बसतात. बहाडोलीची जांभळं असतील तर विचारायलाच नको. आपल्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, टपोरी. भाव ऐकूनच घसा कोरडा पडतो. पण रात्री उशिराच्या लोकलने उतरलं की चित्र वेगळं असतं. टोपलीवाली मावशी घरी जायच्या घाईत असते. ‘घे गं ताई, सगळीच घे,’ म्हणत ती उरलीसुरली टोपली पिशवीत ओतते. अशा वेळी नाही म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

सकाळी बघावं तर निम्मी जांभळं पिशवीतच मऊ पडलेली. फेकायची? आमच्या घरात अन्न फेकत नाहीत, त्याचं दुसरं काहीतरी करतात. म्हणून जॅम.

बिया काढण्यासाठी सासूबाईंचं पुरणयंत्र काढलं. जांभळं थोड्या पाण्यात शिजवून त्यातून फिरवली की गर खाली आणि बिया वर, असा साधा हिशेब होता. गर खाली गेला हे खरं. पण ओट्यावर, टाइल्सवर, माझ्या गाऊनवर आणि स्वयंपाकघरात डोकावायची चूक केलेल्या ह्यांच्या ऑफिसच्या शर्टावरही गेला. शर्ट अजून आहे. घरात घालतात.

आता खरी गोष्ट पाकाची. मराठी घरातल्या बाईला पाकाचं शिकवायला जाऊ नये. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे सगळं आम्ही अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ओळखतो. रव्याचे लाडू बसले नाहीत तर रव्याचा दोष, पाकाचा नव्हे. पण जॅमला तार येवो न येवो, त्याचं त्याला काही नसतं. फळात पेक्टिन नावाचा एक पदार्थ असतो. त्याला पुरेशी साखर आणि आंबटपणा मिळाला की तो जाळं धरतो आणि रस त्या जाळ्यात अडकून बसतो. जांभळात हे पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही चांगलं असतं, म्हणून जांभूळ जॅमला उत्तम. फक्त फळ फार पिकलं की पेक्टिन मोडायला लागतं. म्हणजे जे फळ रात्री उशिरा स्वस्त मिळतं, नेमकं तेच जॅमला नालायक! ही व्यवस्था ज्याने केली त्याला भाजीबाजाराची काडीची माहिती नसणार.

साखरेवरून तर घरात उभा दावा लागला. किलोभर गराला जवळजवळ किलोभर साखर, हे ऐकताच सासूबाईंनी डबा स्वतःकडे ओढून घेतला. त्यांना मधुमेह आहे, त्या जॅम खाणार नव्हत्या. पण साखरेचं प्रमाण ठरवण्याचा हक्क त्यांनी मधुमेहाबरोबर सोडलेला नाही. जॅममध्ये विरघळलेले घटक किमान 65 टक्के हवेत असा सरकारी नियमच आहे, हे मी सांगून पाहिलं. ‘सरकारला काय जातंय सांगायला,’ म्हणाल्या, आणि दोन वाट्या साखर परत डब्यात गेली. साखर कमी म्हणजे जाळं ढिलं, आणि वर आमच्या पावसाळी हवेत बुरशीला आमंत्रण. त्यांचं लक्ष दुसरीकडे गेल्यावर त्या दोन वाट्या मी कढईत टाकल्या, वर लिंबू पिळलं.

जॅम 105 अंशांना तयार होतो म्हणतात. आम्ही राहतो समुद्रसपाटीला, पाणी बरोबर 100 ला उकळतं, म्हणजे पुढचे पाचच अंश मोजायचे. घरात थर्मामीटर एकच, तापाचा, आणि तो 42 ला थांबतो. ह्यांनी तो कढईपर्यंत आणला होता, एवढं नोंदवून पुढे जाते.

राहिला बशीचा उपाय. चिनीमातीची बशी फ्रीझरमध्ये ठेवायची, तिच्यावर जॅमचा थेंब टाकायचा, गार झाल्यावर बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली तर झाला, पळाला तर नाही. उपाय सोपा, पण त्याला घरात एकच माणूस लागतो. आमच्याकडे प्रत्येक थेंबाला चार परीक्षक. मुलाला सुरकुती दिसायची, मुलीला दिसायची नाही, ह्यांना चष्म्याशिवाय थेंबच दिसायचा नाही. आणि मतभेद झाला की थेंब चाटून पुरावा नष्ट. सासूबाईसुद्धा ‘नुसतं बघते’ म्हणून दोनदा बघून गेल्या. कढईतला जॅम आटत होता तो आचेने की परीक्षकांनी, सांगणं कठीण.

एवढ्यात पाऊस कोसळला आणि वीज गेली. पहिल्या सरीला वीज जाणं हा आमच्याकडे पंचांगाचाच भाग आहे. फ्रीझर उघडून उघडून आधीच कोमट झालेला. मोबाइलच्या उजेडात थेंब बशीवरून खुशाल वाहताना दिसला. कढईतही उलथन्यावरून पातळ धार पडत होती. मी गॅस बंद केला आणि जाहीर केलं की मुळात आपण सरबतच करत होतो.

सरबताला बाटल्या हव्यात. काचेची एक बरणी होती, ती गरम रस ओतताच तळातून टचकन गेली. म्हणून पलीकडच्या वाडीतल्या ख्रिस्ती मावशींकडे गेले. त्यांच्याकडे उन्हाळ्यात बॉटल मसाला कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरतात. काळोख्या काचेत त्याचा रंग आणि वास टिकतो. रिकाम्या बाटल्या पडवीत ओळीने उभ्याच होत्या. त्यांनी धुऊन, उकळून दिल्या. मी नरसाळ्याने गरमागरम रस भरला, बुचं लावली आणि झोपले.

गरम जॅम नेहमीच पातळ दिसतो. जाळं गार होताना धरतं, कधी पुरा दिवसही घेतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना सरबत द्यायला बाटली उलटी केली. काही नाही. हलवली. काही नाही. बाटलीच्या तोंडाशी डोळा लावला तर आत चकचकीत, घट्ट, पुस्तकात असतो तसा जांभळाचा जॅम, आणि गळा करंगळी जाईल न जाईल एवढा.

विणायची सुई घालून झाली. गरम पाण्यात बाटल्या उभ्या करून झाल्या. ह्यांनी बाटली फोडून काचा वेचण्याची योजना मांडली, ती सासूबाईंनी एका नजरेत फेटाळली. सुईच्या टोकाला आला तेवढा चाखला. मागून बारीकसा मिरची-धण्याचा वास होता. कितीही उकळलं तरी बॉटल मसाला बाटली सोडत नाही. लागत होता मात्र फर्मास. मावशींना चव द्यायला बाटलीच घेऊन गेले. त्यांनीही सुई चाटली, पुन्हा बुडवली, तळलेल्या फुग्यांबरोबर झकास लागेल म्हणाल्या.

‘पण काढू कसा, मावशी?’

त्यांनी बाटली उजेडात धरली, डोळे बारीक केले.

‘उलटी करून ठेव, बाय. नाताळापर्यंत येईल खाली.’