शोषखड्डा आणि मी

तुम्हाला म्हणून सांगतो, समाजसेवेची ओढ मला दहा गुणांपायी लागली. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा त्या मुलांच्या मनात राष्ट्र असेल. माझ्या मनात अर्थशास्त्राचा पेपर होता. ‘रासेयोत नाव घाल, गुण वाढवून मिळतात,’ असं कुणीतरी कानात सांगितलं आणि मी फॉर्म भरून छातीवर बिल्ला लावला. वर्षाला १२० तास काम करायचं असतं, हे नंतर कळलं. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवकानं आठही प्रहर तयार असावं, असं सर समजावून सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावर मी त्यातला एक प्रहर वापरत होतो. झोपायला.

आमचं सात दिवसांचं शिबिर लोहारा तालुक्यातल्या दत्तक गावी निघालं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं हादरलेला हा टापू. तेव्हा कुठून कुठून आलेल्या स्वयंसेवकांनी इथं ढिगारे उपसले होते. म्हणजे स्वयंसेवक कसा असतो, ते या लोकांनी आधीच बघून ठेवलेलं. आणि आता त्यांच्यासमोर उशी, स्वेटर आणि आईनं दिलेला चिवड्याचा डबा घेऊन मी.

पहिलं काम सर्वेक्षणाचं. पहिल्याच घरी एका आजींना मी विचारलं, ‘कुटुंबात माणसं किती?’ आजींनी चहाचं आधण ठेवत विचारलं, ‘तू कुणाचा रं? गाव कंचं? रान किती हाय? हिरीला पानी हाय का?’ मोठ्यांना उत्तर द्यावं, हा संस्कार. मी देत गेलो. चहा संपेस्तोवर त्यांना आमची जमीन, वडिलांचं कर्ज, ताईचं अडलेलं लग्न आणि माझा राहिलेला विषय, सगळं ठाऊक झालं. माझा फॉर्म कोराच होता. सर्वेक्षण मात्र पूर्ण झालं होतं. आमच्या घराचं.

मग शोषखड्डा. सांडपाणी गल्लीत न साचता जमिनीत जिरावं म्हणून खड्डा खणायचा, तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू भरायची. कागदावर अगदी सोपं. मी टिकाव उचलला, जमिनीवर मारला, तो टण्णकन परत आला. पुन्हा मारला तर दांडा माझ्या हातात आणि टिकाव शेजारच्या कडब्याच्या गंजीत. आजी दारातून बघत होत्या. ‘लेकरा, खड्डा खंदायलास का भुईला गुदगुल्या करायलास?’ गटातल्या मुली पदर खोचल्यासारख्या ओढण्या कमरेला बांधून सपासप खणत होत्या, त्या खो खो हसल्या. मग मात्र माझ्यातला मर्द जागा झाला. दांडा ठोकून घट्ट केला, डोळे मिटले, ‘आई राजा उदो उदो’ म्हणून तुळजाभवानीचा धावा केला आणि असा काही घाव घातला की जमीन दुभंगली आणि आतून गंगा उसळली.

गावाची पाइपलाइन होती ती.

त्या गावात नळाला पाणी आठवड्यानं यायचं, आणि तो नेमका पाणी सोडायचा दिवस. क्षणात सगळी गल्ली हंडे, कळश्या, घागरी, एकानं तर कढई घेऊन धावली. मी कारंज्यावर दोन्ही तळहात दाबून बसलो, तशा तिथून नव्या चार धारा निघाल्या. ‘सर थोडं डावीकडं, माझी घागर भरंना,’ असं एक पोरगं मला म्हणालं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सर म्हटलं.

समारोपात सरपंचांनी आमचे आभार मानले, आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. सरांनी मात्र अहवालात लिहिलं: ‘श्रमदानादरम्यान स्वयंसेवकांच्या पुढाकारानं गावातील जुन्या जलवाहिनीची दुरुस्ती करण्यात आली.’

दहा गुण मिळाले. अर्थशास्त्र तरीही राहिलं.