किल्ल्याशिवाय किल्लेदार

वर्धा जिल्ह्यातून निघणाऱ्या एकदिवसीय किल्लेदर्शन सहलीला बस, मसालेभात आणि काकाजी या तीन गोष्टी लागतात. बस बिघडली तर दुसरी मिळते, भात करपला तर वाटेत आलुबोंडे मिळतात. काकाजी आजारी पडले तर मात्र सहल पुढच्या रविवारवर जाते. किल्ला दाखवण्याचं काम त्यांचं असतं, आणि या जिल्ह्यात ते काम सोपं नाही. इथले बहुतेक किल्ले डोळ्यांना दिसत नाहीत.

काकाजी बहुधा निवृत्त शिक्षक असतात, क्वचित भूमी अभिलेख खात्यातले. पैकी शिक्षक बुरूज शतकांत सांगतात आणि भूमी अभिलेखवाले फुटांत. दोन्ही प्रकारांत सामान सारखंच : कानटोपी, खांद्याला शबनम आणि तिच्यात 1906 साली निघालेल्या रसेलच्या वर्धा गॅझेटिअरच्या झेरॉक्स प्रती. या पानांवर लाल शाईने इतक्या रेघा मारलेल्या असतात की वाचायला फक्त समास उरतो. ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी त्यांची. तिथं ते आदल्या रात्रीच रुमाल टाकून ठेवतात, असं सहप्रवाशांचं म्हणणं आहे. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला आटोपतो. पुढचं वर्धेचं ऊन काकाजींनाही झेपत नाही, मग ते घरी पंख्याखाली पुढच्या वर्षीचे किल्ले नक्की करतात.

त्यांची अडचण भूगोलाची आहे. सह्याद्रीत कडा तयार असतो, त्यावर तट बांधला की गड झाला. वर्धेचा बराचसा मुलूख सपाट, काळ्या मातीचा, कापसाचा. पेंढाऱ्यांच्या धाडी येत तेव्हा इथल्या गावांनी मातीच्या भक्कम भिंतींच्या गढ्या उभारल्या आणि संकट आलं की लोक गुराढोरांसह आत शिरत. 1818 पर्यंत पेंढारी संपले; पुढे गढीचं काम संपलं आणि गढीही संपत गेली. गढीची पांढरी माती घर लिंपायला उत्तम, शेतात टाकायलाही उत्तम. पिढ्यान् पिढ्या लोकांनी ती बैलगाडीने नेली. म्हणजे किल्ला गेला कुठेच नाही, गावातल्या घराघरांत वाटला गेला आहे. पण हे तिकीट काढून बसमध्ये बसलेल्या माणसाला पटवणं कठीण.

पहिला थांबा पवनार, वर्ध्याहून अगदी जवळ, धाम नदीच्या काठी. बस थांबताच मंडळी विनोबांच्या आश्रमाकडे वळतात. 1938 साली विनोबा इथं राहायला आले, 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते इथूनच निघाले, आणि नदीचं पात्रही रमणीय आहे. किल्ल्याच्या टेकाडाकडे बघायला कोणी तयार नसतं. काकाजी त्यांना आश्रमातूनच पकडतात. विनोबांना जमीन खणताना सापडलेली राम-भरत भेटीची मूर्ती दाखवायची आणि हळूच विचारायचं, ही इथं आली कुठून? त्यापुढे सुटका नाही. वाकाटक येतात, दुसरा प्रवरसेन येतो, पवनार हीच त्याची राजधानी प्रवरपूर असं मांडणारे वा. वि. मिराशी येतात, नागपूर विद्यापीठाचं 1967 चं उत्खनन येतं. मग पवन राजा येतो. या राजाजवळ परीस होता, म्हणून तो सारा पैशांत घेत नसे; शेतकऱ्यांनी नांगराचे लोखंडी फाळ आणून द्यायचे आणि राजाने त्यांचं सोनं करायचं. बसमधले शेतकरी ही करपद्धती कान देऊन ऐकतात.

अलीकडे बरेच अभ्यासक प्रवरपूर म्हणजे रामटेकजवळचं मनसर असं मानतात. काकाजींना हे ठाऊक असतं, आणि बसमध्ये मनसरचं नाव काढायचं नाही हे बाकीच्यांना ठाऊक असतं. नवा मेंबर ते काढतो. मग पुढचा अर्धा तास काकाजी मनसरविषयी जे बोलतात ते गॅझेटिअरमध्ये नसतं.

टेकाडावर चढल्यावर ठरलेला प्रसंग घडतो. कोणातरी शाळकरी पोराने विचारायचं, "किल्ला कुठी हाये काकाजी?" आणि काकाजींनी शांतपणे सांगायचं, "बावा, तू ज्याच्यावर उभा हायेस न, तोच किल्ला." पोरगं दचकून पायाखाली बघतं. इथून काकाजी खऱ्या अर्थाने कामाला लागतात. काठीने हवेत रेघ ओढली की तट, काठी टेकली की बुरूज, बाभळीच्या झुडपाकडे काठी गेली की तिथं हत्ती बांधलेले असतात. अवशेष जितके कमी, व्याख्यान तितकं लांब. एखादी भिंत खरोखरच उभी असली तर ते थोडे हिरमुसतात. तिच्यापुढे त्यांना "ही भिंत" एवढंच म्हणता येतं.

त्यांचं हातखंडा प्रकरण म्हणजे भुयार. गढी कितीही लहान असो, भुयार असतंच. त्याचं एक टोक इथं, आणि दुसरं कुठं ते श्रोते बघून ठरतं : नागपूरचे पाहुणे असले तर सीताबर्डीला, चंद्रपूरचे असले तर बल्लारपूरला, भाविक जास्त असले तर थेट रामटेकला. एकदा एक वऱ्हाड त्यात शिरलं, वाजंत्र्यांसकट, ते परत आलं नाही. अमावास्येला ताशा ऐकू येतो. आत सात रांजण मोहरा आहेत, वर नाग आहे. तोंड मात्र दाखवता येत नाही, कारण ते सरकारने बुजवलं. कोणत्या सरकारने हेही श्रोते बघून ठरतं. महाराष्ट्रातल्या सगळ्या गढ्यांची सांगितलेली भुयारं खरोखर खणली असती तर राज्याला रस्त्यांची गरज पडली नसती. तरीही भुयाराच्या वेळी बसमधली एकही व्यक्ती मोबाइलकडे बघत नाही. वाकाटकांना हे कधी साधलेलं नाही.

सेलूला चहा आणि तर्रीपोहे होतात. पुढे नागपूर रस्त्यावर केळझर. इथं टेकडी आहे, जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत आणि विदर्भाच्या अष्टविनायकांतला सिद्धिविनायक आहे, म्हणून ज्येष्ठ महिला कुरकुर न करता वर येतात. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी. भीमाने बकासुराला मारलं ते इथंच. खानदेशातलं एरंडोल हाच दावा करतं, पण एरंडोल दूर असल्याने काकाजी उदार होतात : "असंल त्यायचंही." मसालेभाताची भांडी उतरेपर्यंत बकासुराच्या गाडाभर अन्नाची गोष्ट रंगवली जाते, आणि जो चौथ्यांदा वाढून घेतो त्याला परतीच्या प्रवासात नाव शोधावं लागत नाही.

काकाजींना विरोध होतो तो विद्वानांकडून नव्हे, गावकऱ्यांकडून. आडवाटेच्या एखाद्या गढीवर व्याख्यान ऐन भरात असताना शेजारी शेळ्या चारणारा म्हातारा सांगतो, "बुरूज नोहे तो. आमच्या आज्याचा कोठा होता थो." क्षणभर मंडळी कोणाकडे बघावं या पेचात पडतात. काकाजी काठी न हलवता म्हणतात, "गावातल्या मानसाले गावाची किंमत नसते," आणि कोठ्याचा पायाही किल्ल्याच्याच मातीचा असणार हे पटवून देतात. गंमत म्हणजे ते खरं असण्याची शक्यता बरीच असते.

पुलगावजवळचं नाचणगाव कार्यक्रमपत्रिकेत असतं. तिथं पोचेपर्यंत अंधार पडेल असं ड्रायव्हर केळझरलाच जाहीर करतो.

हेच काकाजी मोठ्या सहलीतून रायगडाला जातात तेव्हा त्यांची अवस्था बघण्यासारखी असते. 1996 पासून तिथं रोपवे आहे, चढायचे कष्ट नाहीत. वर बाजारपेठेची जोती आहेत, समाधी आहे, 1674 च्या राज्याभिषेकाची जागा आहे, गाइड आहे आणि त्याला सगळं पाठ आहे. काठीला काम उरत नाही. ते रोपवेच्या रांगेवर बोलतात, चहाच्या भावावर बोलतात, आणि गाइड दम घ्यायला थांबला की विचारतात, "भुयार कुठी हाये?" 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, 11 महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. विदर्भातला एकही नाही. जिंजीपर्यंत गेलेल्यांना पवनार सापडू नये, याचं काकाजींना मनापासून वाईट वाटलं, आणि त्यांनी तसं पत्र लिहिलं.

सहलीनंतर दोन दिवसांत ग्रुपवर फोटो येतात. काकाजींच्या फोटोत फक्त टेकाड असतं. बुरूज होता तिथं लाल गोल, दरवाजा होता तिथं पिवळा, भुयाराला बाण. खाली अंगठे येतात. त्याखाली आयोजकाचा हिशेब येतो : बसभाडं, डिझेल, आचारी, गोरसपाक, पाण्याचे डबे, तिघांची वर्गणी येणं बाकी. शेवटची ओळ दरवर्षी तीच : मार्गदर्शक, मानधन नाही, जेवण दोन वेळा.