वायर ओढणाऱ्या येड्यांची थोरवी

खिशात मोबाइल असताना घरात लँडलाइन ठेवणारा माणूस अमरावती-अकोल्यात अजून सापडतो. तो नुसता फोन ठेवून थांबत नाही. त्या फोनसाठी भिंतीतून वायर ओढतो, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरतो, चार खोल्यांना चार नंबर देतो. मोहल्ला त्याला येडा म्हणतो. माझ्या मते वऱ्हाडातला हा सर्वांत उपयोगी येडेपणा आहे आणि त्याची स्तुती तोंड भरून व्हायला हवी.

शहाण्यांचं म्हणणं एका वाक्याचं आहे : ‘वायफाय हाय ना भाऊ, वायर कायले पाह्यजे?’ वायफाय असतं, पण हॉलमध्ये. जुन्या घराच्या जाड भिंती ओलांडून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याची एक कांडी उरते. मग शहाणा माणूस बोलत बोलत अंगणात जातो. मे महिन्यात अकोल्याचा पारा कधी कधी ४५च्या वर असतो, तरी जातो. येडा बाजारातून केबलचं बंडल आणतो. केबलच्या आतल्या आठ तारा सुट्या करतो, नखानं सरळ करतो आणि क्रमानं लावतो : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीला फाकवून निळी जोडी मधोमध का बसवतात, हे त्याला ठाऊक असतं. मधल्या दोन पिना जुन्या टेलिफोनच्या जोडीची जागा आहेत. आजच्या प्रत्येक नेटवर्क केबलच्या टोकाला टेलिफोनसाठी अशी जागा राखलेली आहे आणि ती बोटांनी ओळखणारा माणूस मला वंदनीय वाटतो.

या छंदाला आपल्या देशात इतिहासही आहे. १ एप्रिल २००२पासून भारतात इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली. पण अट अशी, की इथल्या कॉम्प्युटरवरून अमेरिकेतला फोन लावावा, देशातला लावू नये. म्हणजे अमरावतीच्या राजापेठेतल्या खोलीतून शिकागोच्या मुलाचा फोन वाजवता येई, अकोल्याच्या आत्याचा येत नसे. ती वाट २०१८मध्ये मोकळी झाली. त्याच वर्षी बीएसएनएलनं ‘विंग्ज’ नावाची इंटरनेट टेलिफोन सेवा जाहीर केली. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. डांबराला पाच दिवसही लागले नाहीत, आवाजाला १६ वर्षं लागली. त्या १६ वर्षांत ज्यांनी हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर ‘हॅलो, हॅलो’ केलं, त्यांनीच ही विद्या जिवंत ठेवली.

आता फायबरच्या डब्यालाच मागे फोनचं भोक असतं. आवाजाचे तुकडे होऊन ते इंटरनेटच्याच काचेच्या तारेतून जातात. एका संभाषणाला साधारण ९० केबीपीएस लागतात, म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनीचा हजारावा हिस्सासुद्धा नाही. तरी पोरानं सिनेमा उतरवायला घेतला की आजीचा आवाज तुटतो, कारण आवाजाला वेग कमी लागला तरी वेळेवर पोचावंच लागतं. येडा म्हणून राउटरमध्ये आवाजाला पहिला मान देतो. कधी आपलं बोलणं पलीकडे जातं आणि तिकडचं काहीच ऐकू येत नाही. ‘आवाज येऊन रायला काय?’ असं ओरडून उपयोग नसतो. बरेचदा राउटरमधली ‘सिप एएलजी’ नावाची मदतनीस सोय पत्ते बदलून ठेवते. ती बंद केली की दोन्हीकडून बोलणं सुरू होतं. हे शोधायला रविवार जातो. जाऊ द्यावा, त्याहून चांगला रविवार मला सुचत नाही.

एक गोष्ट मात्र फायबरनं खरोखर हिरावली. तांब्याची जुनी लाइन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालायची. सगळा मोहल्ला अंधारात असला तरी फोन वाजायचा. काचेच्या तारेतून उजेड जातो, वीज जात नाही. वळवाच्या वादळात लाइट गेली की डबा बंद आणि फोन मुका. शहाणा तेव्हा चुकचुकतो. येड्यानं डबा आणि राउटर आधीच इन्व्हर्टरला जोडलेले असतात.

त्याच्यावरची पायरी म्हणजे घरगुती एक्स्चेंज. मार्क स्पेन्सर या तरुणानं १९९९मध्ये ‘ॲस्टरिस्क’ हा प्रोग्रॅम लिहिला, कारण त्याच्या छोट्या कंपनीला टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं परवडत नव्हतं. तो फुकट मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना १०१, स्वयंपाकघराला १०२. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना न उतरता चहा सांगता येतो. जिन्यातून हाका मारा म्हणणाऱ्या शहाण्यांनी आधी आजोबांचं वय विचारावं.

आणि मुख्य म्हणजे हा फोन घराचा असतो. मोबाइल एकाच माणसाला गाठतो. अकोल्याच्या जठारपेठेतली आत्या अमरावतीचा ०७२१ लावून ‘कोन बोलून रायलं?’ विचारते, तेव्हा जो जवळ असेल तो उचलतो. सून बोलते, नातू बोलतो, ज्याच्याशी तिला कामच नव्हतं त्याच्याशी ती दहा मिनिटं बोलते. नाती अशीच टिकतात, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

तेव्हा घर बांधत असाल तर प्लॅस्टरच्या आधी प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून घ्या. डबा इन्व्हर्टरवर ठेवा. लँडलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून म्हाताऱ्या माणसांना द्या. आणि मोहल्ल्यातला तो येडा शिडीवर चढला, तर खालून शिडी धरा.