अंधार पडल्यास कळवावे

फोन कानाला लावला की स्क्रीन विझते, कानावरून काढला की पेटते. यात बघण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण हे घडवून आणण्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये एक ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि तो आत घेण्याआधी कुणालातरी ओळ न् ओळ वाचून त्यातली खुसपटं काढावी लागतात. ते काम मी हौसेने अंगावर घेतलं आहे. पैसे मिळत नाहीत. माझ्या वयाचे लोक गड चढतात, बासरी शिकतात. मी परक्या माणसांच्या अर्धविरामांकडे संशयाने बघत बसतो.

आईने एकदा विचारलंच.

"रात्री दीड-दीड वाजेपर्यंत काय चाललेलं असतं रे तुझं?"

"अगं, फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते ना, ते तपासतोय."

"ती तर होतेच की बंद."

यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

फोन कानाशी आला हे ओळखणारा सेन्सर म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर लांबीची चिप. तिच्या पोटात एक अवरक्त दिवा आणि प्रकाश ओळखणारे दोन-चार डोळे. उजेड किती आहे आणि समोर कुणी आलंय का, एवढंच तिने सांगायचं. तेवढं सांगण्यासाठी ती दोन तारांवरून प्रोसेसरशी बोलते, आणि ते बोलणं समजावं म्हणून कंपनी तीस-चाळीस पानांची डेटाशीट देते. त्या डेटाशीटमध्ये सगळं असतं, फक्त आपल्याला हवं असलेलं वाक्य एखाद्या तक्त्याच्या तळटीपेत, डोळे फोडून वाचावं लागेल अशा टायपात असतं.

"समोर कुणी आलंय का" हा भाग ऐकायला सोपा. चिप अवरक्त प्रकाश सोडते, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, किती परत आला ते मोजते. वस्तू जवळ आली की जास्त परत येतो, म्हणून आकडा वाढतो. कर्नलचा लेखी नियमही तोच आहे: जवळ म्हणजे मोठा आकडा. मध्यंतरी तपासायला आलेल्या एका पॅचमध्ये, म्हणजे कर्नलसाठी सुचवलेल्या बदलात, ड्रायव्हरच्या लेखकाने हे उलटं केलं होतं. त्याचं म्हणणं, जवळीक म्हणजे अंतर, आणि अंतर जवळ आल्यावर कमी व्हायला हवं. तर्क बिनतोड होता. गोची एवढीच, की चिप अंतर मोजतच नाही. ती परत आलेला प्रकाश मोजते, आणि तो समोर कोण आहे यावर ठरतो.

हे पडताळायला मी सेन्सरचा बोर्ड जेवणाच्या टेबलावर मांडला आणि घरातल्या वस्तू एकेक करून एकाच अंतरावर धरल्या. पांढरा नॅपकिन: भरपूर. स्टीलचं ताट: तिरकं धरलं तर काहीच नाही, सरळ धरलं तर आकडा थेट कमाल मर्यादेला. बाबांची काळी छत्री नापास होणार म्हणून शेवटी ठेवली होती, तर तिने नॅपकिनच्या खालोखाल गुण मिळवले. आपल्याला काळं दिसणारं कापड अवरक्तात काळं असेलच असं नाही. मग माझं काळंभोर डोकं पुढे केलं. आकडा अगदीच मामुली. त्याच सुमारास भाऊकाका चहाला आले. त्यांना म्हटलं, "काका, जरा डोकं इकडे करता का?" काकांना पूर्ण टक्कल आहे. आकडा असा उसळला की मी पुन्हा मोजला. काका म्हणाले, "काय दाखवतंय?" मी म्हटलं, "तुम्ही माझ्यापेक्षा जवळ आहात." काका खूश झाले आणि दुसरा चहा घेऊनच गेले.

उजेडाच्या भागात तर कहर असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात साधारण पाव लक्स, ऑफिसात चार-पाचशे, भर उन्हात लाखभर. एवढ्या पट्ट्यात चिपने डोळे दिपू न देता मोजायचं. त्यासाठी ती ठरावीक वेळ उजेड साठवते आणि मग आकडा देते. लेखकाने ही वेळ मुळातच २५ मिलिसेकंद ठेवली होती. मी लिहिलं, १०० ठेवा. त्याचं उत्तर आलं, "माझ्याकडे व्यवस्थित चालतं."

चालणारच. गृहस्थ अमेरिकेत राहतो. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात आणि २५ मिलिसेकंदांत बरोबर तीन लुकलुकी बसतात. आमच्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो आणि २५ मिलिसेकंदांत बसतात अडीच. ती शेवटची अर्धी कधी उजळ बाजूची हाती लागते, कधी मंद बाजूची. पुण्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या चोकच्या ट्यूबखाली त्याचा ड्रायव्हर चालवला, तर आकडे झोके घेऊ लागले. १०० मिलिसेकंदांत त्याच्या बारा बसतात, आमच्या दहा. दोन्ही देश सुखी. मी झोके घेणाऱ्या आकड्यांचा तक्ता पाठवला. त्याने विचारलं, "तुमच्याकडे एलईडी दिवे नाहीत का?" आहेत हो, पण आईला ती ट्यूब आवडते. कर्नलमध्ये घेण्याजोगं हे कारण नव्हे, म्हणून लिहिलं नाही.

कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचा हिशेब सहसा करत नाहीत. सगळं पूर्णांकांत उरकायचं, म्हणून आधी गुणायचं आणि मग भागायचं. इथे माझे कान टवकारतात. ३२ बिटांच्या खणात जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ मावतात. लेखकाने चिपकडून आलेली मोजणी एक लाखाने गुणली होती. मोजणी ४२,९४९ असेपर्यंत सगळं सुरळीत. ४२,९५० झाली की गुणाकार खणाबाहेर सांडतो आणि आत उरतात फक्त ३२,७०४. म्हणजे वैशाखात भर दुपारी गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईच्या फोनला वाटणार, लाइट गेले. तो स्क्रीन मंद करणार. तसंही उन्हात स्क्रीन दिसत नाही. आता आशाही नको.

उपाय सोपा, खण ६४ बिटांचा करा. त्याने केला. मग ३२ बिटांच्या यंत्रांवर कर्नलच जुळेना, कारण तिथे ६४ बिटांच्या आकड्याला साधी भागाकाराची खूण चालत नाही, वेगळं फंक्शन बोलवावं लागतं. त्याने पुढच्या पॅचमध्ये तेही केलं. इथवर येईतो आम्ही एकमेकांना नावाने हाक मारू लागलो होतो.

खरी भानगड मात्र शेवटच्या पानावर होती, आणि ती माझी लाडकी आहे. ड्रायव्हरने घेतलेल्या गोष्टी कर्नल स्वतः परत घेऊ शकतो, शेवटी घेतलेली आधी, अशा उलट्या क्रमाने. लेखकाने लोकांसमोर मांडलेला सेन्सर आवरण्याचं काम कर्नलच्या भरवशावर सोडलं होतं आणि चिपची वीज बंद करण्याचं आपल्या हातात ठेवलं होतं. पण ड्रायव्हर काढताना आधी त्याचं फंक्शन चालतं, कर्नलची आवराआवर नंतर. पंगत पानावर बसलेली असताना आचाऱ्याने चूल विझवून कढया घासायला काढाव्यात, तसं. त्या मधल्या क्षणी कुणी उजेड विचारला तर उत्तर द्यायला चिप जागी नाही. असं प्रत्यक्षात कुणाचं झालंय का? बहुधा नाही. मी ते सोडून दिलं का? छे.

आणि स्वल्पविराम. ड्रायव्हरमध्ये चिपांची एक यादी असते, तिच्या अखेरीला एक रिकामी नोंद. ती रिकामी नोंद म्हणजे यादी संपली. तिच्यापुढे काही यायचंच नाही, तर स्वल्पविराम कशाला? कर्नलमधल्या लोकांनी हे इतक्यांदा लिहिलंय की मला वाटतं बोटं आपोआप लिहितात. लेखकाने आधीचे सगळे मोठे बदल शेवटी मान्य केले होते. या स्वल्पविरामावर मात्र अडला. "हा काढल्याने नेमका काय फरक पडतो?" यंत्राला काहीच नाही. मला पडतो. त्याने काढला, आणि मी पॅचखाली "तपासलं" म्हणून सही ठोकली.

आठवड्याभरात त्याचा नवा पॅच आला. तीच चिप हाताच्या हालचालीही ओळखते, चारही दिशांच्या, म्हणून फोनला न शिवता, हात हलवून तो उचलता येईल, ठेवता येईल. मी आईला उत्साहाने सांगितलं. आई वाटाणे सोलत होती.

"म्हणजे मी बोलताना हात हलवला की फोन कट?"

"तसं नाही गं, विशिष्ट हालचाल असते."

"तुझ्या मावशीशी बोलताना मी कुठली हालचाल करत नाही, ते सांग," ती म्हणाली, आणि ते सांगताना तिचा हात उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली असा दोनदा फिरला. मी डेटाशीट उघडली. दोन्ही हालचाली त्यात होत्या.