तिथीची पाऊणपट

कोकण किनाऱ्यावरची छोटी सहल, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतण्याच्या अटीवर आखलेला समुद्र, किल्ला आणि मासळी यांचा एकत्रित बेत, हा वरवर पाहता हौसेचा विषय वाटला, तरी त्याचा जरा बारकाईने अभ्यास केला असता तो मुख्यतः नियोजकाच्या अहंकाराचा विषय असल्याचे आढळते. नियोजक ही संज्ञा येथे कुटुंबातील अशा सदस्यासाठी वापरली आहे, ज्याला गाडी चालवण्यापेक्षा कोणत्या फाट्यावर वळावे हे सांगण्यात आणि मासे खाण्यापेक्षा ते कोणत्या गावी खावेत हे ठरवण्यात अधिक रस असतो. प्रस्तुत लेखक हे पद आपल्या घरात कोणतीही निवडणूक न होता भूषवीत आला असून, अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन या पट्ट्यासाठी त्याने केलेला आराखडा चार रंगांच्या रकान्यांत आहे, एवढ्यावरून त्या पदाचे स्वरूप ध्यानात यावे.

आराखड्याचा पाया भरती-ओहोटी हाच असावा, असा लेखकाचा सिद्धान्त आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे असलेला अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे. ओहोटी असताना तेथे चालत किंवा घोडागाडीतून जाता येते आणि भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते. ही वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ समजावी आणि तिच्यात सुमारे सहा तास मिळवून ओहोटी काढावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, ओहोटी सकाळी नऊला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्यामागोमाग सरकते, म्हणून हा हिशेब ढोबळ असला तरी जमतो. लेखकाच्या पिढीकडून शाळेत जी पाउणकी घोकून घेतली गेली, तिचा पुढील आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग असल्यामुळे, तो हा हिशेब जेवणाच्या टेबलावर, पेट्रोल पंपावर आणि कोणी विचारले नसतानाही करून दाखवतो, ही गोष्ट त्याच्या पत्नीने वेळोवेळी निदर्शनास आणून दिली आहे.

हिशेब बरोबर आहे. अडचण पुढे सुरू होते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही खोल असते, त्याला उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास दोन्हींचा जोर ओसरतो, त्याला भांग म्हणतात. पाणी सर्वांत दूर जाते ते उधाणाच्या दिवसांत, परंतु पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ती खोल ओहोटी नेमकी पहाटे किंवा संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे पडते, जेव्हा एक तर उजाडायचे असते किंवा मावळायला आलेले असते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, पण ती भांगाची ओहोटी असल्याने पाणी हवे तितके हटत नाही आणि डोक्यावर ऊन मात्र पुरेपूर असते. राहता राहिल्या तृतीया आणि चतुर्थी, ज्यांत उधाणाचा जोर टिकून असतो आणि वेळही सकाळची असते. यांपैकी चतुर्थी कृष्ण पक्षात संकष्टी आणि शुक्ल पक्षात विनायकी असून, घरातील ज्येष्ठ काकू दोन्ही पाळतात, आणि काकू ज्या दिवशी मासे खाणार नाहीत त्या दिवशी समुद्रावर जाण्यात अर्थ नाही, असा ठराव कुटुंबाने लेखकाच्या अनुपस्थितीत संमत केला आहे. शिवाय त्या सोमवार, गुरुवार आणि शनिवारही पाळतात. पावसाळ्याचे दिवस तसेही वगळावे लागतात, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि लगोलग श्रावण येतो. तेव्हा शास्त्रशुद्ध सहल केवळ रविवारी पडणाऱ्या तृतीयेलाच शक्य आहे, आणि त्या दिवशीही ओहोटी सव्वाआठला असते, ज्या वेळी कुटुंबातील एकाचीही अंघोळ झालेली नसते.

समुद्रकिनाऱ्यांविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. वाळूत चारचाकी घालून ती भरतीच्या पाण्यात रुतल्यावर ट्रॅक्टर शोधत फिरणारे पर्यटक मात्र जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर भेटतात, आणि त्यांना पाउणकी येत नाही या जाणिवेने लेखकाला जे समाधान लाभते, ते सूर्यास्तापासून मिळणाऱ्या समाधानाहून कमी नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत नियोजकाचा दुसरा दोष उघड होतो, तो म्हणजे व्याख्यानाची हौस. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याकडे निघाले असता, सिद्दींचा हा जलदुर्ग मराठ्यांना अखेरपर्यंत का घेता आला नाही, संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास खाडीत भराव घालून वाट काढण्याचा प्रयत्न कसा केला, आणि मुरूडसमोर दिसणारा पद्मदुर्ग याच जंजिऱ्याला शह देण्यासाठी कसा उभारला गेला, हे सर्व सांगण्याची लेखकाची जय्यत तयारी असते. परंतु तेच सर्व होडीवाला सांगत असतो, तेही वाऱ्यावर मात करणाऱ्या आवाजात आणि शीड सांभाळत. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत नजरेस पडत नाही, हे तर तो होडी वळवून प्रत्यक्ष दाखवतो. पंचवीस डोकी त्याच्याकडे वळलेली असतात, आणि त्यांत लेखकाचीही दोन मुले असतात.

मासळीच्या रकान्यात लेखकाने पापलेट असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. श्रीवर्धनजवळच्या एका घरी, जेथे घरगुती जेवणाची सोय असल्याची पाटी होती, त्याने सकाळीच तशी मागणी नोंदवली आणि मासा ताटाबाहेर न जाणारा, अख्खा असावा, असेही सुचवले. घरातल्या बाई विळीवर बसून मांदेली साफ करत होत्या, बोटाएवढ्या त्या माशाचे डोके आणि पोट अंगठ्याच्या एका दाबाने निघत होते आणि हात न थांबता त्यांनी सांगितले, "साहेब, ताटात मावतो तो पिल्लू असतो. होडीत आज मांदेली आलीय, ती खावा." चंदेरी पापलेटाला राज्याने २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा दिला, तो त्याची संख्या घटत चालल्यामुळेच; आणि ज्या आकाराला शहरातले गिऱ्हाईक नेमका म्हणून वाखाणते, तो बहुधा अंडी घालण्याच्या वयाला न पोचलेला मासा असतो, ही माहिती लेखकाकडे होती, किंबहुना त्याच आराखड्याच्या तळटीपेत होती. माहिती आणि भूक एकाच माणसात इतक्या सलोख्याने कशा नांदतात, हा प्रश्न जिभेवर कुरकुरीत मांदेली असताना सुटण्यासारखा नव्हता.

त्या बाई पहाटे बंदरावर जाऊन आल्या होत्या, त्यानंतर त्यांनी नारळ खोवले, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, दोन पंगती वाढल्या आणि दुसऱ्या पंगतीला सोलकढी संपल्यावर ती पुन्हा केली. त्या स्वतः जेवायला बसल्या तेव्हा चार वाजून गेले होते, आणि पाहुणे ओटीवर आडवे होऊन कोकणात आयुष्य कसे निवांत असते यावर एकमत करत होते. या एकमतात लेखकाचा स्वर सर्वांत खणखणीत होता, आणि चिडायचे तर कोणावर, हे त्यामुळे ठरवणे अवघड झाले. बाईंच्या ताटात कालवणातली डोकी आणि भात एवढेच दिसत होते; पापलेटाविषयी त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

पुढील सहलीचे नियोजन भाच्याकडे सोपवावे, असे परतीच्या वाटेवर, दिघीच्या जंगलजेटीवर, म्हणजे मोटारी पलीकडच्या तीरावर नेणाऱ्या बोटीवर, सर्वानुमते ठरले. लेखकाने त्याला केवळ पाउणकी येते का, एवढेच विचारले. भाच्याने फोनवर अलिबागच्या पुढच्या महिनाभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा मिनिटांसकट दाखवल्या. फोनला काकूंची व्रते कळत नाहीत, हे लेखकाने विजयी मुद्रेने निदर्शनास आणल्यावर, भाच्याने त्याच फोनवर पुढची संकष्टी काढून दिली, चंद्रोदयाच्या वेळेसकट, आणि काकूंनी ती ताबडतोब आपल्याला पाठवायला सांगितली.