पार्किंगकाका

सोसायटीचा चेअरमन निवडून द्यावा लागतो. पार्किंगकाका आपोआप तयार होतात. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त, बर्म्युडा, बनियनवर हाफशर्ट आणि खिशात टॉर्च. दूध आणायला म्हणून खाली उतरतात आणि पिशवीतलं दूध कोमट होईपर्यंत वर जात नाहीत. एखाद्या गाडीखाली डाग दिसला की त्यांची सकाळ सत्कारणी लागते.

"तीनशेदोन, खाली या जरा!"

तीनशेदोन टाय बांधत खाली येतात. तोवर काका उकिडवे बसलेले. बोट डागात, मग बोट अंगठ्यावर, मग नाकाशी. "पाणी असतं तर एसीचं म्हटलं असतं. काळं असतं तर इंजिन ऑइल. गोडसर वास असता तर कूलंट. हे लाल आहे. गाडी ऑटोमॅटिक नाही ना? मग गिअरबॉक्स सुटला. पॉवर स्टिअरिंग!"

निदान बहुधा बरोबर असतं, हीच तर पंचाईत. चुकलं असतं तर लोकांनी ऐकणं तरी सोडलं असतं.

"वळवताना कण्हते का?" तीनशेदोन मान खाली घालतात. गाडी दोन महिने कण्हतेय आणि ते एफएमचा आवाज वाढवतायत. अधूनमधून बाटलीतून ऑइल ओततात, एवढंच. काका कपाळावर हात मारतात. डबीतलं ऑइल खाली गेलं की पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि एक दिवस पंपच जातो, हे ते सांगतात. इथून गाडी १९२६ सालच्या अमेरिकेत जाते, कारण फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने पॉवर स्टिअरिंग घडवल्याचं सांगितल्याशिवाय काकांच्याने बॉनेट उघडवत नाही.

मग प्रात्यक्षिक. "कालचा पेपर आणा. पुरवणी नको, तिचा कागद गुळगुळीत असतो, तेल शोषत नाही." पेपर अंथरला जातो, पाइप फडक्याने कोरडे पुसले जातात, तीनशेदोनांचा मुलगा स्टिअरिंगवर बसतो. "डावीकडे! पूर्ण! आता सोड! टोकाला धरून ठेवू नकोस रे, पंपावर लोड येतो!" इंजिन बंद असताना कोरडा ठणठणीत दिसणारा हाय प्रेशरचा पाइप आता जिथे रबर लोखंडी टोपीत दाबलंय, तिथे एक लाल थेंब धरतो. काका टॉर्च मारतात. अशी तृप्ती मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"एम-सील लावून टाका," वरच्या गॅलरीतून सल्ला येतो.

"टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय असतात, इथे हजाराच्या वर जातात! एम-सील लावतोय!"

गॅरेजला काका पुढच्या सीटवर बसून जातात. मिस्त्री पाइप बदलतो, जॉइंटला नवे वॉशर टाकतो, कंपनीने सांगितलेलंच ऑइल भरतो. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. डबीतले बुडबुडे थांबले की मगच स्टार्टर. हे सगळं त्याला येत असतं. तरी प्रत्येक पायरी काका आधी मोठ्याने सांगतात आणि मग ती झाली की "बरोबर" म्हणतात. बिलात लेबर थोडं जास्त लागतं. का, ते मिस्त्री सांगत नाही. नुसता काकांकडे बघतो.

काकांच्या स्वतःच्या छोट्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. पंप नाही, पाइप नाही, ऑइल नाही. मोटरवर काम चालतं. गळायला काही नसल्यामुळे हा माणूस दुसऱ्यांच्या गाड्यांखाली वाकतो. तेव्हा तुमच्या गाडीखाली लाल डाग दिसला तर काकांना कळवायची घाई करू नका. ते पेपर घेऊन निघालेले असतात.